तीन किरकोळ कामं आणि कापलेले 3,600

2024-25 मध्ये नागपुरात माझी तीन कामं झाली. एप्रिलपासून पाच महिने वर्धा रोडवरच्या एका शोरूममध्ये टेम्पररी, महिन्याला 17,000. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं, 16 ते 21, तेव्हा एका ठेकेदाराकडे सहा दिवस टायपिंग, 6,000 रोख. मग जानेवारी ते मार्च एका क्लासचे टेस्ट पेपर तपासले. त्याचे 36,000 ठरले, हातात पडले 32,400, बाकीचे टॅक्स म्हणून कापले.

सगळे मिळून 1,27,000. एवढ्याशा पैशावर इन्कम टॅक्सचं रिटर्न काहून भरायचं? मामा म्हणाला, "पोरी, ते 3,600 सरकारकडे तुझ्या पॅनवर जमा आहेत. मागितले तरच मिळतील."

तर आधी घाई करू नका. जानेवारी ते मार्चमधला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) सरकारला कळवायची मालकांची मुदत 31 मे असते, त्यामुळे जूनच्या मध्यापर्यंत थांबलेलं बरं. मग इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून फॉर्म 26एएस आणि एआयएस काढा. कोणी किती दिले, किती कापले आणि कुठल्या कलमाखाली, ते त्यात दिसतं. ते कलम नीट बघा. क्लासने 194जे लावलं होतं, म्हणजे त्यांच्या लेखी मी नोकर नव्हे, फी घेणारी. तेव्हा वर्षाला 30,000 च्या वर फी गेली की 10 टक्के कापायचे. 1 एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 50,000 झाली.

इथेच माझी फसगत झाली. सक्करदऱ्यातल्या एका नेटकॅफेवाल्याने शोरूमचा पगार भरला, 3,600 परत मागितले, पण ज्यावर ते कापले ते 36,000 कुठे दाखवलेच नाहीत. महिनाभरात 'डिफेक्टिव्ह रिटर्न'ची नोटीस आली, दुरुस्तीला 15 दिवस. इन्कम टॅक्सचे मोठे साहेब ज्या अकादमीत घडतात ती आपल्याच छिंदवाडा रोडवर आहे, आणि मी मात्र घाबरून दोन रात्री झोपले नाही. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती.

आता कुठे काय लिहायचं. शोरूमचे 85,000 पगारात. त्यातून नव्या करपद्धतीत 75,000 ची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट सोडलेली रक्कम) मिळते. (वर्षात दोन नोकऱ्या असतील तर दोन्ही फॉर्म 16, म्हणजे मालकाने दिलेले पगार-टॅक्सचे दाखले, मिळून ही वजावट एकदाच. दोन्ही ऑफिसांनी दोनदा धरली असेल तर फरक तुमच्या गळ्यात.) पेपर तपासणी आणि टायपिंग माझ्यासाठी त्या वर्षापुरतंच होतं, म्हणून दोन्ही 'इतर स्रोत' मध्ये, आणि आयटीआर-1 हा रिटर्नचा साधा फॉर्म पुरला. त्या दोन्हीवर ती 75,000 ची वजावट नाही. बँकेचं व्याजही तिथेच टाका, चारशे रुपये असले तरी.

नेमाने क्लास घेऊन पोट भरत असाल तर मात्र तो व्यवसाय, फॉर्म वेगळा. आमच्या शेजारच्या दादाने सांगितलं, "44एडीए लाव, अर्धीच कमाई धरतात." नका लावू. ते कलम ठरावीक पेशांनाच आहे. त्या यादीत डॉक्टर, वकील, इंजिनियर वगैरे आहेत, शिकवणी नाही.

ठेकेदाराचे रोख 6,000 एआयएसमध्ये कुठेच नव्हते. तरी मी लिहिले. कमाई ती कमाई, आणि टॅक्स तसाही शून्यच होता: नव्या करपद्धतीत त्या वर्षी 3 लाखांपर्यंत काही लागत नव्हतं, 2025-26 साठी 4 लाख. उलट एआयएसमध्ये न मिळालेली रक्कम दिसली तर तिथेच फीडबॅक द्यायची सोय आहे, ती वापरा.

कमाई या बिनटॅक्सच्या सूटमर्यादेच्या आत असेल तर बहुतेकांना रिटर्न सक्तीचं नाही. पण वर्षात 25,000 किंवा जास्त टीडीएस कापला गेला असेल तर सक्तीचं आहे. रिटर्न भरायची तारीख हुकली तरी 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं, आणि कमाई सूटमर्यादेच्या आत असेल तर लेट फी पण लागत नाही.

सबमिट केल्यावर 30 दिवसांत आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय करायचं, नाहीतर भरलेलं धरतच नाहीत. बँक खातं पोर्टलवर आधीच व्हॅलिडेट करून ठेवा. माझ्या पासबुकात वडिलांचं नाव मधोमध होतं आणि पॅनवर नव्हतं, तेवढ्यावरून खातं नापास झालं. बँकेत जाऊन नाव सारखं करून घेतलं, तेव्हा कुठे 3,600 आले.