परदेशात एलएलएम करायचंय? आधी परवान्याचा विचार करा

एलएलएमसाठी, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी, माझ्याकडे सल्ला मागायला येणारे पहिल्यांदा विद्यापीठांचं रँकिंग दाखवतात. मी ते बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते: पुढे वकिली कुठे करणार? सगळं त्यावर ठरतं.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. तिथल्या बार परीक्षेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेसाठी, परदेशी पदवीधराला बहुधा अमेरिकन एलएलएम लागतं आणि त्यात किमान 24 क्रेडिट. त्यातही व्यावसायिक नीतिमत्ता 2, कायदेविषयक संशोधन-लेखन 2, अमेरिकन कायद्याची ओळख 2 आणि परीक्षेतले विषय 6, असा हिशेब जुळावा लागतो. म्हणून प्रवेश घेण्याआधीच बार परीक्षा घेणाऱ्या बोर्डाकडून आपली मूळ पदवी तपासून घ्या. उत्तर यायला महिने लागतात. विषय निवडताना हा क्रेडिटचा हिशेब समोर हवाच. आवडीचे विषय उरलेल्या क्रेडिटमध्ये घ्या, पण घ्या नक्की, वर्ष त्यांच्यामुळेच सुसह्य होतं.

इंग्लंडमध्ये गणित वेगळं. तिथे सॉलिसिटर (अशिलांना सल्ला देणारा वकील) व्हायला 2021 पासून एसक्यूई ही पात्रता परीक्षा आहे, एलएलएमची अट नाही. तिथलं एलएलएम अभ्यासासाठी करा, परवान्यासाठी नको.

शिफारसपत्र मोठ्या नावाच्या न्यायमूर्तींपेक्षा तुमचे निबंध खरोखर तपासलेल्या प्राध्यापकांकडून घ्या. उद्देशपत्रात 'लहानपणापासून न्यायाची ओढ' कृपया नको. तुम्हाला छळणारा एक कायदेशीर प्रश्न लिहा आणि तो शिकवणारा अभ्यासक्रम त्याच विद्यापीठात आहे हे दाखवा.

शिष्यवृत्तीचं वेळापत्रक मात्र वेगळंच असतं: ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या साधारण वर्षभर आधी बंद होतात.