मालक विक्षिप्त आहे की खोटा? स्टार्टअपवाल्यांच्या भानगडी आणि केसेस कशा वाचायच्या

माझ्या भाच्याला बेंगळुरूच्या एका स्टार्टअपची ऑफर आली. पगार इथल्या तिप्पट, वर ईसॉप म्हणजे कंपनीचे शेअर. ताईचा रात्री साडेदहाला फोन, "अरे तो मालक ऑफिसात अनवाणी हिंडतो म्हणे, आणि नेटवर बघितलं तर त्याच्यावर कसली तरी केस पण दिसतीय, पोराला पाठवू का नको?" मी म्हणलं ताई, अनवाणी हिंडणं एक आणि केस एक, दोन्हीची भेळ करू नकोस, मला दोन दिवस दे.

मी गेली बावीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या युनिटांचे हिशोब बघतोय. टेक्नॉलॉजी माझा विषय नाही, पण कागद वाचणं हा माझा धंदाच आहे. आणि सोलापुरातनं दर रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्या पोरांनी भरून जातात, त्यातली निम्मी तरी कुठल्यातरी संस्थापकाच्या शब्दावर भरवसा ठेवून चाललेली असतात, म्हणून ताईला जे करून दाखवलं ते इथं सगळ्यांसाठी लिहितो.

सगळ्यात आधी विक्षिप्तपणा बाजूला काढून ठेवायचा, एका वेगळ्या पानावर. स्टीव्ह जॉब्स वर्षानुवर्षं गाडीला नंबरप्लेट न लावता फिरायचा. ओरॅकलचा लॅरी एलिसन रात्रीची बंदी असताना सॅन होजेच्या विमानतळावर स्वतःचं जेट उतरवायचा, शहराबरोबर कोर्टात भांडला आणि २००१ मध्ये जिंकला सुद्धा. वीवर्कचा अॅडम न्यूमन न्यूयॉर्कच्या रस्त्यावर अनवाणी चालायचा. यातल्या कुणाला फसवणुकीची शिक्षा झाली नाही. आता उलटं बघा. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे रामलिंग राजू, शांत, सभ्य, १०८ अॅम्ब्युलन्सची सेवा हैदराबादेत सुरू करणारे, २००८ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीला उत्तम कारभाराचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. आणि ७ जानेवारी २००९ ला त्यांचंच पत्र आलं की ताळेबंदात ५,३६१ कोटी रोख आणि बँक शिल्लक दाखवलीय त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. एवढा मोठा घोटाळा, आणि माणसात विक्षिप्तपणा नावालासुद्धा नाही. त्यामुळे काळा टर्टलनेक, चड्डीवर मीटिंग, पहाटे चारला ईमेल, यावरनं कुठल्याच बाजूचा निकाल लावू नका. पोरं नेमकी इथंच फसतात, त्यांना वाटतं माणूस विचित्र आहे म्हणजे जीनियस असणार.

दुसरं काम, केस कुठल्या पायरीवर आहे ते शोधायचं. हे जरा सावकाश वाचा कारण बातम्यांत सगळं एकाच सुरात येतं. आपल्याकडे एफआयआर म्हणजे तक्रार नोंदली एवढंच, मग तपास, मग चार्जशीट, मग कोर्ट आरोप निश्चित करतं, मग खटला, मग निकाल, आणि त्यावर अपील. राजूंना एप्रिल २०१५ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात वरच्या कोर्टाने ती स्थगित करून जामीन दिला, ही दुसरी बातमी किती जणांनी वाचली? अमेरिकेत तर आणखी एक घोळ आहे, तिथली सेबी म्हणजे एसईसी (शेअरबाजारावर नजर ठेवणारी सरकारी संस्था) जी केस करते ती दिवाणी असते, त्यात दंड होतो, तुरुंग होत नाही. इलॉन मस्कने ७ ऑगस्ट २०१८ ला ट्वीट केलं की टेस्ला शेअरला ४२० डॉलर भावाने खासगी करणार म्हणजे शेअरबाजारातनं काढून घेणार, पैशाची सोय झालीय. एसईसीने दावा लावला, त्याच सप्टेंबरात तडजोड झाली, मस्कला दोन कोटी डॉलर दंड, कंपनीला तेवढाच, आणि चेअरमनपद सोडावं लागलं, पण आरोप कबूलही केला नाही आणि नाकारलाही नाही. पुढं २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच ट्वीटवरनं शेअरवाल्यांनी लावलेल्या दाव्यात ज्युरीने त्याला जबाबदार धरलं नाही. ट्वीट एकच आणि दोन ठिकाणी दोन गोष्टी झाल्या, म्हणून "त्याच्यावर केस होती" या वाक्याला काही अर्थ नसतो, कसली केस, कुणी लावली, पुढं काय झालं हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

सराव करायचा तर जॉन मॅकअफीवर करा, माझ्या मते यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. अँटीव्हायरसवाला तोच. १९८७ मध्ये कंपनी काढली, १९९४ मध्ये बाहेर पडला, पुढं बेलीझ नावाच्या छोट्या देशात समुद्राकाठी जाऊन राहिला, बंदूकधारी रखवालदार, कुत्र्यांचा कळप, सगळा तमाशा. नोव्हेंबर २०१२ मध्ये शेजारच्या माणसाचा खून झाला आणि पोलिसांना याची चौकशी करायची होती, तर हा पळाला. वाळूत खड्डा करून डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं घेऊन लपलो होतो असं त्याने स्वतःच सांगितलं. नंतर एका मासिकाने त्याच्याबरोबर काढलेला फोटो नेटवर टाकला आणि त्या फोटोत लोकेशन तसंच राहिलं होतं, त्यावरनं जगाला कळलं की साहेब ग्वाटेमालात आहेत. (तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन चालू आहे का ते आत्ताच बघून घ्या.) आता कागदावर काय उरतं ते लिहा. खुनाचा आरोप त्याच्यावर कधी ठेवलाच गेला नाही. पण मयताच्या वारसांनी फ्लोरिडात लावलेल्या दिवाणी दाव्यात २०१९ मध्ये त्याच्याविरुद्ध अडीच कोटी डॉलरचा हुकूम झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये बार्सिलोनाच्या विमानतळावर अटक झाली ती भलत्याच कारणासाठी, अमेरिकेतला टॅक्स बुडवल्याचा आरोप. आणि २३ जून २०२१ ला, स्पेनच्या कोर्टाने त्याला अमेरिकेकडे सोपवायला मंजुरी दिल्याची बातमी आली त्याच दिवशी, तो कोठडीत मेलेला सापडला. म्हणजे एवढ्या गाजलेल्या माणसाचा टॅक्सचा खटला उभाच राहिला नाही. हे असं चार ओळीत उतरवता आलं की समजा तुम्हाला केस वाचता आली.

शिक्षेच्या आकड्यांबद्दल एक छोटी गोष्ट. अटक झाली की "११० वर्षं तुरुंग होऊ शकतो" असं छापून येतं, ते सगळ्या कलमांची कमाल शिक्षा एकावर एक रचून केलेली बेरीज असते. एफटीएक्स या क्रिप्टो बाजाराच्या सॅम बँकमन-फ्रिडच्या बाबतीत नेमका हाच आकडा फिरला, प्रत्यक्षात मार्च २०२४ मध्ये २५ वर्षं झाली. थेरानोस या रक्त तपासणीच्या कंपनीच्या एलिझाबेथ होम्सला चार कलमांवर दोषी धरलं आणि ११ वर्षं ३ महिने मिळाले.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. आमच्याकडे बँकेची कॅश क्रेडिट (मालावर मिळणारं कर्ज) घ्यायची म्हणजे दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं, एवढे टॉवेल, एवढं सूत. बँकेचा माणूस गोडाऊनला येतो आणि थप्पीकडे बघून सही करून जातो. मी शिकाऊ असताना एका युनिटमध्ये (नाव घेत नाही) आमच्या मोठ्या साहेबांनी थप्पीच्या मधली एक गाठ ओढायला लावली, हमालाने सुतळी कापली तर वर दोन थर टॉवेल आणि आत नुसत्या चिंध्या. साहेब काही बोलले नाहीत, खिशातनं पेन काढलं आणि मला म्हणाले लाईट बिल माग. बिल बघितलं तर चार महिने लूम अर्धेसुद्धा चालले नव्हते. तेव्हापासून मी कुठल्याही कंपनीत मधली गाठ आणि लाईट बिल शोधतो.

आणि गंमत नाही सांगत, सेबीने अक्षरशः हेच केलं. जेनसोल इंजिनिअरिंग, ब्लूस्मार्ट टॅक्सीवाल्या जग्गी बंधूंची कंपनी, पुण्याजवळ चाकणला इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना दाखवत होती, जानेवारी २०२५ मध्ये ३०,००० गाड्यांचं बुकिंग झाल्याचं जाहीर केलं. सेबीच्या १५ एप्रिल २०२५ च्या आदेशात लिहिलंय की शेअरबाजाराचा अधिकारी तिथं गेला तर दोन-तीन मजूर होते आणि उत्पादन काही चालू नव्हतं, महावितरणचं वर्षभरातलं सगळ्यात मोठं बिल दीड लाखाच्या आसपास. अहो रॅपियर लूमच्या बऱ्या चाललेल्या युनिटला आमच्याकडे यापेक्षा जास्त बिल येतं! कर्ज घेतलं ६,४०० गाड्यांसाठी आणि खरेदी केल्या ४,७०४, असंही त्यात आहे. हा आदेश अंतरिम आहे हे मात्र लक्षात ठेवा, म्हणजे सेबीचं प्रथमदर्शनी म्हणणं, शेवटचा निकाल नव्हे. पण वाचा जरूर, सेबीच्या साइटवर फुकट आहे आणि चौकशी कशी करतात ते त्यातनं जेवढं कळतं तेवढं कुठल्या क्लासमध्ये कळणार नाही.

परदेशातले घोटाळे पण गाठ सोडल्यावरच कळले. निकोला कंपनीचा ट्रक व्हिडिओत भरधाव पळत होता, तो स्वतःच्या जोरावर चालत नव्हता, उतारावरनं सोडून दिला होता. थेरानोसच्या बहुतेक टेस्ट दुसऱ्या कंपनीच्या बाजारात मिळणाऱ्या मशीनवर व्हायच्या. एफटीएक्समध्ये अब्जावधी डॉलरचा कारभार आणि हिशोब छोट्या दुकानाच्या सॉफ्टवेअरवर, खर्चाला मंजुरी म्हणून चॅटवर इमोजी टाकायचे, हे दिवाळखोरीनंतर आलेल्या नव्या सीईओने कोर्टात लिहून दिलं. म्हणून मुलाखतीत पोरांनी बिनधास्त विचारावं, तुमचा माल नेमकं कोण वापरतं, मला चालताना दाखवता का. खरा मालक खुश होतो या प्रश्नाने, मी बघितलंय.

मग कागद. एमसीएच्या म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्याच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं की फुकटात दिसतं डायरेक्टर कोण, कंपनीवर कर्जाचा बोजा किती, शेवटचा ताळेबंद कुठल्या तारखेचा भरलाय. ताळेबंद दीड-दोन वर्षं मागे असेल तर तिथंच थांबा. बायजूजचा २०२०-२१ चा हिशोब दीड वर्ष उशिरा आला आणि तोटा निघाला ४,५८८ कोटींचा, मग २०२३ च्या जूनमध्ये ऑडिटर डेलॉइटने हिशोब मिळत नाहीत म्हणून राजीनामा दिला, त्याच सुमारास गुंतवणूकदारांचे तिघे डायरेक्टर बाहेर पडले, आणि वर्षभराने क्रिकेट बोर्डाच्या १५८ कोटींच्या थकबाकीवरनं कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतीय संघाच्या जर्सीवर नाव झळकत होतं तेव्हाच हिशोबाला उशीर चालू होता! ऑडिटर मुदत संपायच्या आत गेला तर कारण वाचा, "वैयक्तिक कारणास्तव" लिहिलं असेल तर जास्तच काळजीने वाचा. ई-कोर्ट्सवर (कोर्टांची सरकारी साइट) पक्षकाराच्या नावाने केस शोधता येते, एनसीएलटी म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणाच्या साइटवर दिवाळखोरीची. एकाच नावाचे चार जण निघतात, त्यामुळे कंपनीचं पूर्ण नाव टाका.

नोकरी धरल्यानंतर दोन गोष्टी कधी विसरायच्या नाहीत, पीएफचं पासबुक आणि २६एएस (तुमच्या नावावर किती टॅक्स जमा झाला त्याचा इन्कमटॅक्सचा उतारा). पगारातनं कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, कापलेला टीडीएस २६एएसमध्ये दिसला पाहिजे. माझ्या चुलतभावाचा पुण्यातल्या एका कंपनीने सात महिने पीएफ कापला आणि भरलाच नाही, त्याने पासबुक कधी उघडलंच नव्हतं, आणि त्या सात महिन्यात मालकाचे परदेशातले फोटो मात्र रोज बघत होता, अजून राग येतो मला. कंपनी दिवाळखोरीत गेलीच तर रिझोल्यूशन प्रोफेशनल (त्या काळात कंपनीचा कारभार बघणारा माणूस) नेमला जातो, त्याच्याकडे कर्मचाऱ्याने फॉर्म डी भरून थकलेल्या पगाराचा दावा मुदतीत लावायचा, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून. ईसॉपचं काय होतं विचारू नका, तो पगारात धरूच नका, त्याला शून्य समजून बाकीची ऑफर पटते का ते बघा.

भाच्याच्या कंपनीचं सांगायचं राहिलं. केस निघाली ऑफिसच्या भाड्याची, जुन्या घरमालकाबरोबरचा दिवाणी दावा. ताळेबंद वेळेवर भरलेला, तोटा आहे पण लपवलेला नाही, ऑडिटर चार वर्षं तोच. पोरगं मे महिन्यात गेलं, जाताना ताईने शेंगा चटणीचा किलोचा डबा दिला. दर महिन्याच्या २० तारखेला पीएफ पासबुकचा स्क्रीनशॉट मामाला पाठवायचा एवढीच अट घातलीय, आणि या महिन्याचा काल आला.