घरात एकाला कोरोना झाला, तर बाकीच्यांना कसं जपावं?

2003 ची सार्सची साथ 8,000 च्या आसपास रुग्णांवर थांबली. सार्सचा विषाणूही कोरोनाविषाणूच होता. पण सार्सचा रुग्ण सर्वाधिक विषाणू बाहेर टाकायचा तो आजाराच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आणि तोवर बहुतेक जण दवाखान्यात पोहोचलेले असायचे. कोविडचा रुग्ण मात्र लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीपासूनच आजार पसरवू लागतो. कपाळावर थर्मल गन रोखून असा माणूस सापडणार कसा? घरातली सगळी आखणी हे लक्षात ठेवूनच करायची.

1. रिपोर्टची वाट पाहू नका

घसा खवखवला, अंग मोडून आलं की त्याच क्षणी वेगळं झोपायचं. घरगुती अँटिजेन किट पहिल्या दिवशी निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं समजू नका. 48 तासांनी पुन्हा तपासा. आदल्या दोन दिवसांत ज्यांच्यासोबत जेवलात, बसलात त्यांना फोन करा. संकोच वाटतो, पण साखळी तिथेच तुटते.

2. खोली ठरवा, मग हवा बघा

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. बोलताना, खोकताना, अगदी नुसता श्वास सोडतानाही विषाणू असलेले बारीक कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. रुग्णाच्या खोलीतली हवा घरात न येता बाहेर गेली पाहिजे. खिडकी उघडा, दार लावून घ्या आणि टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवा. छताचा पंखा हवा फक्त ढवळतो. स्प्लिट एसीही तीच हवा फिरवत राहतो.

दाराच्या फटीपाशी पेटती उदबत्ती धरा. धूर खोलीत ओढला गेला तर रचना जमली. बाहेर आला तर पंख्याची जागा बदला. संडास एकच असेल तर रुग्णाने सगळ्यांच्या शेवटी जावं, आणि नंतर एक्झॉस्ट पंखा बराच वेळ चालू ठेवावा.

वेगळी खोलीच नसेल तर? धारावीत पहिला रुग्ण 1 एप्रिल 2020 ला सापडला. एका खोलीत आठ-दहा माणसं आणि सार्वजनिक संडास, तिथे ‘घरीच वेगळे राहा’ म्हणणं ही थट्टाच झाली असती. महापालिकेने दारोदार रुग्ण शोधले, शाळा आणि क्रीडासंकुलात सोय केली आणि बाधितांबरोबर त्यांच्या संपर्कातल्यांनाही तिथे हलवलं. तुमच्याकडे जागा नसेल तर वयस्कर माणसाला काही दिवस दुसरीकडे पाठवता येतं का पाहा, पण त्यालाही लागण झालेली नसल्याची खात्री करूनच. तेही जमत नसेल तर खिडकीजवळची जागा रुग्णाला द्या.

3. मास्क दोघांनी लावा

विषाणूच्या अंगावरचे काटे आपल्या पेशींवरच्या एसीई-2 या प्रथिनाला चिकटतात, आणि नाकाच्या आतल्या पेशींवर ते भरपूर असतं. त्यामुळे नाकाखाली ओढलेला मास्क म्हणजे नुसती हनुवटीची शोभा! रुग्ण आणि त्याची शुश्रूषा करणारा, दोघांनीही एन-95 लावावा आणि नाकावरची पट्टी नीट दाबून घ्यावी.

4. साबण पुरे

विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. तेलकट तव्यासारखंच तेही साबणाने सुटतं आणि विषाणू निकामी होतो. हात 20 सेकंद चोळून धुवा. 2020 मध्ये आपण भाज्या आणि दुधाच्या पिशव्या घासत बसलो. ती मेहनत खिडक्या उघडण्यात घातली असती तर जास्त उपयोग झाला असता.

5. ऑक्सिजनवर नजर ठेवा

बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरने रक्तातला ऑक्सिजन दिवसातून तीन-चार वेळा मोजा. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको. आकडा 94 च्या खाली गेला, किंवा सहा मिनिटं चालून 3 ने घसरला तर लगेच दवाखाना गाठा, मग दम लागत नसला तरी. छातीत दुखणं, भ्रम होणं, झोपेतून जाग न येणं, यांपैकी काही दिसलं तर आकडा बघत बसू नका.

स्टेरॉइड मनाने सुरू करू नका. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्यांचे जीव वाचवले, पण ज्यांना तो लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. 2021 मध्ये राज्यात म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) वाढला त्यामागे आवाक्याबाहेर गेलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही मोठी कारणं होती. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही.

6. बाहेर कधी यायचं?

तब्येत सुधारत असावी आणि औषधाशिवाय 24 तास ताप नसावा. त्यानंतरही 5 दिवस घरात मास्क लावा आणि जेवण वेगळं घ्या. घरात आजी-आजोबा असतील किंवा कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर त्यांच्याजवळ जाण्याआधी अँटिजेन किटने एकदा तपासून घ्या.