मूल पियानोला कंटाळलं? आधी या चुका तपासा

‘मॅडम, सुरुवातीला फार आवड होती हो. आता पियानोजवळ फिरकतसुद्धा नाही.’

पुण्यात घरी क्लास घेऊन मला बावीस वर्षं झाली. हे वाक्य दरवर्षी दहा-बारा वेळा कानावर येतं, बहुतेक दिवाळीच्या सुट्टीनंतर. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘आळशी आहे जरा.’ आळशी मुलं मी पाहिली आहेत, पण पियानो सोडून गेलेल्यांत ती फार थोडी. बाकीच्यांच्या बाबतीत कुणीतरी मोठ्या माणसाने घोळ घातलेला असतो. त्या मोठ्या माणसांत मीही येते, हे खालच्या पहिल्याच किश्श्यात कळेल.

पलंगावरचा कीबोर्ड

माझ्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा यायचा. रोज अर्धा तास वाजवतो, असं आई शपथेवर सांगायची. क्लासमध्ये मात्र त्याचे निम्मे सूर उमटायचेच नाहीत, आणि उमटले तर सगळे एकसारखे सपाट. मी दोन महिने त्याच्यावर ओरडले. ‘तू घरी बसतच नाहीस’, असं एकदा त्याच्या तोंडावर म्हणाले. तो गप्प राहिला.

भाद्रपदात त्यांच्याकडे गणपतीच्या दर्शनाला गेले. पोराने उत्साहाने मला आतल्या खोलीत नेलं. पलंगावर गादी, गादीवर कीबोर्ड. हा पालथा पडला, पाय हवेत, आणि वाजवायला लागला. व्हॉल्यूम जेमतेम, कारण शेजारच्या खोलीत आजोबा दुपारी झोपतात. टोन ऑर्गनचा, कारण पट्टी सोडेपर्यंत आवाज टिकतो, ते त्याला आवडायचं. आणि टच बंद. म्हणजे फुंकर घातल्यासारखी पट्टी दाबा नाहीतर बुक्की मारा, आवाज तेवढाच. वाजवत मात्र होता अगदी बरोबर. एकही सूर चुकला नाही.

पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर आतली हातोडी तारेवर किती जोरात बसणार ते ठरतं. मोठा आवाज, हळू आवाज, सगळी गंमत तिथे आहे. हा मुलगा रोज अर्धा तास नेमका ती गंमत नसलेल्या वाद्यावर घालवत होता. त्या वाद्याने जे शिकवलं ते तो इमानेइतबारे शिकला होता. मी हातात मोदक धरून त्याची माफी मागितली.

तेव्हापासून माझी सवय अशी: नाव घालण्याआधी मी घरातल्या वाद्याचा फोटो मागवते, मूल त्यासमोर बसलेलं असताना. फोटोत दोन गोष्टी बघते. कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीला आहे का, आणि पाय कुठे टेकलेत. लहान मुलांचे पाय लोंबकळतात, मग तोल सांभाळायला खांदे वर जातात, आणि दहा मिनिटांत ‘हात दुखतो’. महागडं स्टूल आणायची गरज नाही. घरात जेवणाचे पाट असतील तर दोन पाट पायांखाली एकावर एक ठेवा.

विकत घेताना दुकानात एकच पट्टी आधी हळू आणि मग झटकन दाबून बघा. दोन्ही वेळेला आवाज सारखा आला तर टचचं सेटिंग विचारा. ते नसेलच तर दुसरा कीबोर्ड बघा. पहिल्या वर्षाला ६१ पट्ट्या पुरतात. पुढे ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा लागतो. ‘आधी टिकतो का बघू, मग चांगलं घेऊ’, असं म्हणणाऱ्या पालकांना मी सांगते की फुटकी बॅट देऊन पोराच्या सिक्सरची वाट पाहू नका. आणि आजोबांच्या झोपेवर हेडफोन हा उपाय आहे, व्हॉल्यूम कमी करणं हा नाही.

अकरा महिने, तीन पीस

ही माझी दुसरी दुखरी नस. आपल्याकडे परीक्षा म्हटली की पालकांच्या अंगात येतं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेत १०० पैकी ६० ला पास, ७५ ला मेरिट, ८७ ला डिस्टिंक्शन. तीन पीसना, म्हणजे ठरवून दिलेल्या रचनांना, प्रत्येकी २२ गुण, म्हणजे ६६ तिथेच गेले. हे गणित पालकांना माझ्याआधी पाठ असतं. एबीआरएसएम ही दुसरी ब्रिटिश संस्था, तिचे गुण १५० पैकी, तिथे १०० ला पास. तिथलंही गणित पाठ. ट्रिनिटीत ८४ मिळाले तर फोन येतो, ‘तीन कुठे गेले?’

परीक्षांना माझा विरोध नाही. मीच मुलं बसवते. पण वर्षभर तेच तीन पीस घोटायचे, हा शॉर्टकट मला बघवत नाही. दुसऱ्या क्लासमधून एक मुलगी माझ्याकडे आली, ग्रेड तीनला, म्हणजे परीक्षेच्या तिसऱ्या पायरीला, डिस्टिंक्शन घेऊन. तिने पीस वाजवले, खरंच सुरेख वाजवले. मग मी तिच्यासमोर ग्रेड एकच्या तोडीचं एक पान ठेवलं, चार ओळींचं. ती पानाकडे बघत राहिली. मांडीवर हात. मग हळूच म्हणाली, ‘हे कसं आहे ते तुम्ही आधी वाजवून दाखवाल?’

तिला वाचताच येत नव्हतं. शिक्षकाने वाजवायचं, आईने रेकॉर्ड करायचं, तिने बोटं पाठ करायची, असे तीन ग्रेड झाले होते. पाठांतर दांडगं होतं म्हणून इतकी वर्षं चाललं. वर जाल तसे पीस लांबत जातात आणि पाठांतर पुरत नाही. मूल तेव्हा ‘कंटाळा आला’ म्हणतं. दमलं असं त्याला म्हणता येत नाही, कारण सर्टिफिकेटं भिंतीवर लावलेली असतात.

तिला मी सहा महिने मागे नेलं. आईला पटलं नाही, स्पष्टच बोलल्या. मीही स्पष्टच बोलले. माझा नियम सोपा आहे: क्लासची पहिली पाच मिनिटं नवीन पान, मुलाच्या ग्रेडपेक्षा दोन पायऱ्या सोपं. एकदाच वाजवायचं, चुकलं तर चुकलं, पान उलटायचं. सुरू केलं की थांबायचं नाही, एवढीच अट. जे वाजवलं ते वहीत लिहायचं. वर्षाला चाळीस नोंदी झाल्या नाहीत तर त्या वर्षी परीक्षा नाही. यात शास्त्र किती आणि माझा हट्ट किती, ते बाजूला ठेवा. वही भरत गेलेली दिसली की मुलं आपणहून पुढचं पान मागतात, एवढं मी बघितलं आहे.

ती मुलगी आता मैत्रिणीच्या घरी गेली की तिथली पुस्तकं उघडून वाजवत बसते, असं तिच्या आईनेच तक्रारीच्या सुरात सांगितलं.

बाकीच्या, झटपट

पट्ट्यांवर सी-डी-ई-एफचे स्टिकर: काढा. आज काढा. दोन काळ्यांच्या जोडीच्या डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी, हे पाच वर्षांच्या मुलाला एका दिवसात कळतं. स्टिकर असेल तर डोळे वर कागदाकडे जातच नाहीत. नोटेशनखाली पेन्सिलने अक्षरं लिहिणं हा त्याचाच भाऊ.

वरून रंगीत ठोकळे पडणारे व्हिडिओ: गंमत म्हणून रविवारी. ‘मॅडम, मी बीथोव्हेनचं फ्युर एलिझ शिकलो’ म्हणत पोरं पहिले आठ-नऊ सूर वाजवून दाखवतात आणि तिथेच संपतात. दहा दिवसांत पियानो शिकायची घाई ज्यांना आहे, त्यांनी दहा दिवसांत पोळी गोल लाटून दाखवावी.

चुकलं की पहिल्यापासून: पहिली ओळ शंभरदा होते, शेवटची तीनदा. मी शेवटच्या दोन मापांपासून (बारपासून) शिकवायला लागते आणि मागे सरकते.

घड्याळ लावून एक तास: सात वर्षांच्या मुलाला सकाळी बस यायच्या आधी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. आईने शेजारी हवालदारासारखं बसू नये. त्यापेक्षा ‘मला ही ओळ शिकव’ म्हणावं आणि मुद्दाम चुकावं.

चॉकलेट: चौथ्या आठवड्यात दोन मागतात.

पाहुण्यांसमोर ‘वाजवून दाखव’: विचारून, आणि मूल नाही म्हणालं तर विषय तिथेच संपवा.

नखं. कापा.

आजोबांची पेटी

घरात पेटी वाजवणारं कुणी असेल तर पियानोच्या बाई नाक मुरडतात, अशी समजूत आहे. माझं उलट आहे. पेटीवाले आजोबा म्हणजे फुकटचा दुसरा शिक्षक. फक्त दोन ठिकाणी सांभाळा. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे आजोबांच्या हाताखाली डाव्या हाताला कामच मिळत नाही. आणि सा म्हणजे कायम सी, असं मुलाच्या डोक्यात बसू देऊ नका. सा कुठेही धरता येतो, सी जागचा हलत नाही.

खरं तर आजोबांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. माझ्या एका विद्यार्थिनीने गणपतीची आरती पांढरी एकमध्ये, म्हणजे सी हा सा धरून, कानाने शोधून काढली. आजोबा म्हणाले, ‘आता काळी चारमधून घे, बायकांना तिथे गाता येतं.’ ती दोन दिवस झगडली, आणि पाचव्या दिवशी सगळी आळी तिच्या साथीवर आरती म्हणत होती. काळी चार म्हणजेच ए-फ्लॅट; ए-फ्लॅट मेजर स्केल मी तिला त्यानंतर शिकवलं. फक्त नाव सांगावं लागलं, बोटांना आधीच माहीत होतं.

पावसाळ्यात पट्टी अडकली तर

हे खऱ्या पियानोवाल्यांसाठी. जुलैत लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही. मूल आणखी जोरात मारतं, मग घरचे त्याला रागावतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी शिलाईमशीनचं तेल सोडलं. लाकूड आणि लोकर तेल पितात. ट्यूनरला, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्याला, पट्ट्या बाहेर काढून साफ कराव्या लागल्या, वर वडिलांना त्याची बोलणी खावी लागली ती वेगळी. तेल नको, स्प्रे नको. ट्यूनर येईपर्यंत त्या पट्टीला हात लावू नका. दमटपणासाठी आत कमी वॅटचा बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत आहे, तीही त्याच्याकडूनच बसवून घ्या.

त्या दिवशी त्या मुलीने पियानोचं पोट पहिल्यांदा आतून पाहिलं आणि तासभर प्रश्न विचारून ट्यूनरला हैराण केलं. त्यानंतर मी नवीन प्रत्येक मुलाला पहिल्या क्लासला पुढची फळी काढून दाखवते. एक पट्टी अगदी सावकाश दाबायला सांगते. लोकर लावलेली हातोडी तारेच्या जवळ जाते आणि न लागताच मागे पडते. आवाज शून्य. मूल माझ्याकडे बघतं, परत दाबतं, थोडं वेगाने. टिंग. पुढचा अर्धा तास मला काही शिकवावं लागत नाही.