गोष्टीचं पुस्तक : आधी चित्रं बघू द्या, मग वाचा

पोराच्या हातात गोष्टीचं पुस्तक आलं की आपण लगेच बोट ठेवून अक्षरं वाचायला लावतो, आणि ते चित्रातच रमलं तर "आधी वाच, मग बघ चित्रं" म्हणून दटावतो. हे उलटं करा. वाचता न येणाऱ्या पोराचं वाचन म्हणजे चित्रंच की, आणि चांगला चित्रकार निम्मी गोष्ट मुद्दाम चित्रातच ठेवतो.

त्यामुळं आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला म्हणा किंवा कुठंही, पुस्तक घेताना मजकूर हातानं झाकून नुसती पानं उलटा. काय चाललंय ते अंदाजानं कळतंय का बघा. मग मजकूर वाचा आणि चित्रात त्याहून जास्त काही सापडतंय का ते शोधा. समजा "मनी घाबरली" एवढंच लिहिलंय, आणि चित्रात कपाटाखालून तिचं फुगलेलं शेपूट तेवढं दिसतंय, पलीकडं लोणच्याची बरणी फुटलीय, कुणी फोडली ते लिहिलेलंच नाही, असलं पुस्तक लगेच घ्या. पोरगं त्या बरणीवर चार दिवस बोलत बसेल. नुसते भडक रंग, एका पानावर मुलीचा फ्रॉक लाल आणि पुढच्यावर कारण नसताना हिरवा, असलं काही दिसलं तर ठेवून द्या, पोरांना असल्या चुका आपल्या आधी दिसतात आणि गोष्टीवरचा विश्वासच उडतो.

विकतच घ्यायला पाहिजे असं पण नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे, तिथं जाऊन मुलांच्या पुस्तकांची चौकशी करा. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत, फक्त मोबाईलवर चित्र बारीक होतंय, जमलं तर मोठ्या स्क्रीनवर दाखवा.

आता घरी. पहिल्यांदा न वाचता पूर्ण पुस्तक चाळा, पोराला पानं उलटू द्या. प्रश्न "हा कोण? ह्याचा रंग कुठला?" असले परीक्षेचे नकोत. "काय चाललंय इथं?", "आता काय होईल?" असं विचारा आणि गप्प बसा, उत्तर यायला वेळ लागतो, मध्ये आपण बोलायचं नाही. ते "भूभू पळाला" म्हणालं तर "हो, भूभू घाबरून पळाला, कुठं गेला असेल?" असं त्याचंच वाक्य जरा वाढवून द्या. १९८८ साली अमेरिकेत व्हाइटहर्स्ट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना असंच शिकवलं, आणि महिन्याभरात ती मुलं बाकीच्यांपेक्षा जास्त आणि मोठी वाक्यं बोलायला लागली. एवढंच, दुसरं काही वेगळं केलं नव्हतं.

त्याची गोष्ट पुस्तकातल्यापेक्षा वेगळी निघाली तर दुरुस्त करू नका हं. नंतर तुम्ही वाचाल तेव्हा ते स्वतःच ताडून बघतंय.

आणि तिसरी-चौथीत गेलं म्हणून चित्रांची पुस्तकं काढून घेऊ नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती. त्या वयात चित्रातला उजेड, चेहऱ्यावरचा राग, लांबून येणारं माणूस हे सगळं जास्त कळायला लागतं. एखाद्या सुट्टीला राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात घेऊन जा, मांडरे म्हणजे सिनेनट आणि चित्रकार, त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे रंगाच्या कोरड्या पुडीनं काढलेली, चित्रं दाखवा, आणि तिथं पण तेच विचारा, काय चाललंय इथं?