‘ताई, कुठलं पुस्तक वाचू?’ : क्विझमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी

क्विझचा नाद नुकताच लागलेली मुलं मला हमखास हाच प्रश्न विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर दादर स्टेशनबाहेर किंवा फोर्टातल्या फुटपाथवर मिळणारं ‘दहा हजार प्रश्नोत्तरे’ छापाचं जाडजूड पुस्तक असतं. देशांच्या राजधान्या, चलनं, पहिली महिला अमुक, सर्वांत लांब नदी तमुक. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांचं त्यावर काही काम भागत असेल. क्विझमध्ये ते फारसं कामाला येत नाही. मंगोलियाचं चलन तुगरिक हे पाठ असलं तर येतं, नसलं तर नाही. डोकं चालवायला त्यात जागाच नाही, म्हणून बरा क्विझमास्तर असा प्रश्न काढतच नाही.

मी बरीच वर्षं मुंबईत क्विझ खेळतेय आणि आता सोसायट्यांच्या गणेशोत्सवापासून कॉलेजांच्या फेस्टिव्हलपर्यंत प्रश्नही काढते. काढणारी म्हणून सांगते, चांगल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर प्रश्नातच दडवलेलं असतं. उदाहरणार्थ: ‘लहानपणी मुंबई सोडून गेलेला हा मुलगा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईतच परतला, याआधी फक्त दोघांना जमलेलं काम त्याने केलं आणि तरीही त्याचा संघ ३७२ धावांनी हरला. कोण?’ नाव आठवत नसलं तरी ‘धावांनी’ म्हटल्यावर क्रिकेट आलं. मुंबई सोडून गेला म्हणजे दुसऱ्या देशाकडून खेळतो. फक्त दोघांना जमलेलं काय? कसोटीच्या एका डावात दहाच्या दहा बळी: १९५६ मध्ये मँचेस्टरला जिम लेकर, १९९९ मध्ये दिल्लीत अनिल कुंबळे. तिसरा एजाज पटेल, न्यूझीलंडचा, वानखेडेवर. ज्याला कुंबळे आठवला तो निम्म्या वाटेवर पोचला, आणि कुंबळे कोणाला आठवत नाही?

अशी उकल करता येणारे प्रश्न मला सर्वांत प्रिय. त्यातला एक तर दर नवख्याला सोडवायला देते. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईकरांनी आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही. ती १९५५ पर्यंत टिकली. या दोन वेळांत फरक किती मिनिटांचा? पाठांतरवाले इथे हात टेकतात. शाळेतला भूगोल आठवणारा मात्र कागद घेतो. प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून, जे मिर्झापूरजवळून जातं. मुंबई साधारण ७२.८ अंशांवर. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. फरक ९.७ अंशांचा, चाराने गुणा. जवळजवळ ३९ मिनिटं. ग्रिनिचपेक्षा आपली प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटं पुढे, बॉम्बे टाइम ४ तास ५१ मिनिटं. बरोब्बर.

हे एकदा हातात आलं की डिसेंबरात कोलकात्याला संध्याकाळी पाचला अंधारायला का लागतं आणि आपल्याकडे सहाला का, हेही सुटतं. असंच अक्षांशांचं. मुंबई १९ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि मे महिन्याच्या मध्यात नि जुलैच्या अखेरीस दुपारी सरळ उभ्या खांबाची सावली पडत नाही. जुलैमध्ये ढगांमुळे ते दिसत नाही, हा मुंबईचा खास विनोद. दिल्लीत हा दिवस कधीच येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या पलीकडे. सहा प्रश्नांचा मालमसाला झाला, आणि पाठ काहीच केलं नाही.

इतिहासाचं काय करायचं, हे विचारणारे सनावळीला घाबरलेले असतात. माझा उपाय लोकलमधला आहे. मध्य रेल्वेचं सँडहर्स्ट रोड स्टेशन पाहिलंय? हार्बरची गाडी वर, मेन लाइन खाली. हा सँडहर्स्ट कोण? १८९५ ते १९०० मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. त्याच्याच काळात, १८९६ मध्ये, मांडवीत प्लेगचे रुग्ण सापडले. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्या नावाची. तिकडे पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमामुळे चिडलेल्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. तो व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा दिवस. त्यापाठोपाठ टिळकांवर राजद्रोहाचा खटला आणि दीड वर्षाची शिक्षा. आणि मुंबईतल्या दाटीवाटीच्या वस्त्यांमुळे रोग पसरतो म्हणून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड हा रस्ता त्याचाच, आणि दादर-माटुंग्याची आखीव वस्ती, हिंदू कॉलनी, पाच बागा, तीही त्याचीच.

यात विज्ञान आहे, राजकारण आहे, नगररचना आहे. एक सन विसरलात तरी आजूबाजूचे तुम्हाला तिथे आणून सोडतात. आमच्यात अशा गोष्टीला ‘फंडा’ म्हणतात, आणि वहीत लिहून ठेवायचाच असेल तर फंडा लिहावा, उत्तर नाही.

मनोरंजनाला लोक उगाच हलकं समजतात. गाणी सगळ्यांनाच येतात, त्यामुळे तिथे गुण मिळवायला जुनं शोधावं लागतं. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या पहिल्या चित्रपटात तारामती झालेले अण्णा साळुंके हे पुरुष होते हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले, हे सांगितलं की हॉलमध्ये हशा येतोच.

आता सावधगिरी. ‘पहिला’ हा शब्द दिसला की दहा सेकंद थांबा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली ती पहिली प्रवासी गाडी. मालवाहू रूळ मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच पडले होते. ‘प्रवासी’ हा शब्द गाळून प्रश्न विचारणाऱ्याशी भांडायला माझी हरकत नाही. हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ, असं शाळेत घोकलेलं असेल तर विसरा. अधिकृतरीत्या कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर झालेला नाही. आणि जुन्या छापील पुस्तकांचा मुख्य रोग म्हणजे शिळे आकडे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाल्यापासून महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत, तरी ३५ लिहिलेलं पुस्तक अजून विकलं जातं. शनीच्या चंद्रांची मान्य संख्या मार्च २०२५ मध्ये एका फटक्यात २७४ झाली. बदलणाऱ्या गोष्टींची यादी वेगळी ठेवा आणि क्विझच्या आदल्या रात्री तेवढीच चाळा.

प्रत्यक्ष खेळाबद्दल थोडंसं. आधी लेखी फेरी असते, प्रिलिम्स. साधारण पंचवीस-तीस प्रश्न, त्यातून सहा-आठ संघ फायनलला. लेखी फेरीत चुकीला सहसा गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामी जागा ठेवणं हा निव्वळ आळस. काही प्रश्नांवर ताऱ्याची खूण असते. दोन संघांचे गुण सारखे झाले की त्या प्रश्नांवरून निकाल लागतो, म्हणून जोडीदाराशी कुजबुज करायची ती ताऱ्यांवर. फायनलमध्ये ‘पाउन्स’ नावाची सोय असते: दुसऱ्या संघाचा प्रश्न असला तरी त्यांच्या आधी चिठ्ठीवर उत्तर लिहून द्यायचं. बरोबर आलं तर गुण, चुकलं तर वजा. संघातल्या एकाला खात्री असेल तर द्या. तिघांनाही ‘वाटतंय’ असेल तर गप्प बसा. संघ निवडताना जिवलग मित्र घेऊ नका. तिघेही क्रिकेटवेडे असलात तर विज्ञानाच्या फेरीत तिघे मिळून छताकडे बघत बसाल.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी प्रश्नांची भीती वाटते. ती पहिल्या दोन-तीन क्विझपुरती. बहुतेक क्विझमास्तर स्पेलिंग चुकलं तरी उत्तर ओळखू आलं की गुण देतात. उलट तुमच्या हाताशी मराठी विश्वकोश आहे, आता तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि त्यातल्या नोंदी इतक्या नेटक्या आहेत की प्रश्न काढायला मी आजही आधी तिथे जाते. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही आहेच, १८९८ पासून.

खरा अभ्यास मात्र स्वतः प्रश्न काढायला लागल्यावर होतो. आठवड्याला पाच पुरेत. नियम दोनच: उत्तर एकच निघालं पाहिजे, आणि न येणाऱ्यालाही ऐकल्यावर ‘अरे, हे सुटलं असतं की!’ असं वाटलं पाहिजे. दुसरा नियम पाळणं फार अवघड, माझे निम्मे प्रश्न तिथेच गळतात. काढलेला प्रश्न दोन वेगवेगळ्या ठिकाणी पडताळा. एकाच ठिकाणावरून उचललेल्या दोन लेखांना दोन म्हणायचं नाही.

सुरुवात करायला आपल्या सोसायटीची गणपतीतली क्विझ उत्तम. तिथे आजोबा जुन्या क्रिकेटमध्ये आणि सहावीतली पोरं ग्रहताऱ्यांमध्ये तुम्हाला सहज हरवतील. फायनलला पोचला नाहीत तर घरी पळू नका. प्रेक्षकांतही प्रश्न येतात, चॉकलेटं मिळतात. आणि संपल्यावर क्विझमास्तरकडे स्लाइड मागा. आम्ही त्यांच्यावर रात्री जागवलेल्या असतात, मागणारा भेटला की खूश होऊन लगेच व्हॉट्सअॅप करतो.