14 फुटी घरात अंघोळीची दुसरी जागा कशी काढली

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत. रुंदी 14 फूट, लांबी 36. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परसात 5 बाय 7 चं संडास-बाथरूम एकत्र. माणसं सात. थोरलीचं कॉलेज, ह्यांची गोकुळ शिरगावची शिफ्ट, आणि आत्तींना अंघोळ झाल्याशिवाय देवाला हात लावायचा नसतो. सकाळी एकजण अंघोळीला गेला की संडासही अडकायचा. दुसरा संडास बांधायची गरजच नव्हती, अंघोळ तेवढी बाहेर काढली तरी भागणार होतं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तेच केलं. ज्यांचं घर आमच्यासारखं चिंचोळं आहे त्यांच्यासाठी हे सगळं नीट सांगते.

आधी जागा शोधू नका. पाणी कुठनं बाहेर पडणार ते बघा. मी पहिल्यांदा माजघराचा कोपरा धरून बसले होते, कारण तिथलं जुनं कपाट काढायचंच होतं. आमच्या गवंडीमामांनी त्या भिंतीवर तळहात ठेवला, नखानं थोडं खरवडलं आणि म्हणाले, "वैनी, ही भिंत पांढऱ्या मातीची हाय. हिच्या अंगाला पाणी लावू नगा." जुन्या पेठेतल्या घरांत अशा भिंती अजून आहेत. वरनं सिमेंटचा गिलावा असतो म्हणून कळत नाही. ओल आत शिरली की माती फुगते आणि भार पेलायचं बळ जातं. तुमची भिंत कसली आहे हे खिळा ठोकून बघा: पिवळट पांढरी भुकटी आली तर ती भिंत अंघोळीसाठी सोडून द्या.

शिवाय त्या कोपऱ्यापासून मागचा सांडपाण्याचा चेंबर 22 फूट लांब. 3 इंची पाइपला दर 40 इंचाला 1 इंच उतार धरला तर 22 फुटांत साडेसहा इंच खाली जावं लागतं, त्यात नहाणी ट्रॅपची, म्हणजे जाळीखाली पाणी साठवून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्याची, खोली वेगळीच. आमच्या चेंबरची एकूण खोली 15 इंच. ते जमण्यासारखं नव्हतं.

मग नजर गेली स्वयंपाकघरातल्या कोठीकडे. कोठीची मागची भिंत म्हणजेच जुन्या बाथरूमची भिंत, तीही भाजक्या विटेची. चेंबर 6 फुटांवर. गार पाण्याचा पाइप, गिझर, सांडपाणी, सगळं भिंतीपलीकडं तयार. धान्याचे डबे आता माजघरात, कपाटाच्या जागी आहेत. दुसरी जागा नेहमी पहिलीच्या पाठीला पाठ लावून शोधा, निम्मा खर्च आणि निम्मी फोडाफोड वाचते. वरच्या मजल्यावर करणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण स्लॅब खोदता येत नाही. तिथं ट्रॅप आणि पाइपसाठी फरशी सहा-आठ इंच उचलावी लागते आणि दारात पायरी येते.

मापाचं सांगते. कोठी विटेपासून विटेपर्यंत 3 फूट 3 इंच रुंद आणि 5 फूट लांब होती. गिलावा आणि टाइल मिळून प्रत्येक बाजूला दीड इंच खातात, हातात राहिली 3 फूट बाय 4 फूट 9 इंच. कागदावर ही जागा भरपूर वाटते, म्हणून कागदावर विश्वास ठेवू नका. मी सोप्यात खडूनं तेवढा चौकोन काढला, आत बादली आणि स्टूल ठेवलं, आत्तींना बसवलं आणि पाठ चोळायची तशी कोपरं हलवायला सांगितली. रुंदी 3 फुटांच्या आत आली की कोपर भिंतीला लागतं. त्याच चौकोनात कळलं की दार आत उघडलं तर स्टूल ठेवता येणार नाही. म्हणून 2 फुटी पीव्हीसी दार, बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तरी ते उघडता येतं.

शॉवरच्या बाबतीत मोह आवरा. आमच्या टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापेक्षा जेमतेम 7 फूट वर. 10 मीटर उंचीच्या पाण्याला साधारण 1 बार दाब असतो, म्हणजे आमच्याकडं 0.2 बारच्या आसपास. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात टांगलेला पसरट मोठा शॉवर एवढ्या दाबावर नुसता ठिबकतो. आम्ही 4 इंची साधा शॉवर घेतला आणि टाकीपासून शेवटच्या एल्बोपर्यंत पाऊण इंची पाइप आणला. शॉवरखेरीज बादली बसेल इतक्या उंचीवर एक नळ आणि आत्तींसाठी स्टुलाजवळ हँड शॉवर. भिंतीत स्टीलची धरायची दांडीही टाइल लावायच्या आधीच पक्की केली.

फरशीखालच्या कामाला घाई करू नका. ट्रॅप दारापासून लांबच्या कोपऱ्यात. भिंत आणि फरशीच्या सांध्यात सिमेंटचा गोल वाटा (कोपऱ्याला गोलाई), त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर शॉवरच्या उंचीपर्यंत. मग ट्रॅपला बोळा कोंबून दोन इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलीची रेघ मारा आणि 48 तास हात लावू नका. रेघेखाली थोडंसं पाणी उन्हाळ्यात उडून जातं, पण पलीकडच्या भिंतीवर ओल दिसली तर तिथंच थांबा.

टाइलला दर फुटाला पाव इंच उतार सांगितला होता. गवंडी जेवायला गेल्यावर मी दोन तांबे पाणी ओतलं. सगळं जाळीकडं गेलं, पण दाराजवळ डाव्या कोपऱ्यात ताटलीएवढं पाणी थांबलं. धाकट्याची गोटी सोडली, ती तिथंच जाऊन बसली. मामांनी कुरकुर न करता सहा टाइल उचलल्या आणि पुन्हा बसवल्या. सिमेंट ओलं असतानाच हे बघा, नंतर फोडायला कुणाचा जीव होत नाही.

गॅस गिझर आत लावू नका. एवढ्या कोंडलेल्या जागेत त्याचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. आमचा 15 लिटरचा विजेचा गिझर जुन्याच बाथरूममध्ये आहे, गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप भिंतीतनं इकडं आणला. त्याला 16 अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच बंद पाडणारा स्विच) आहे. बटणं बाहेर. वर 6 इंची एक्झॉस्ट फॅन बसवला, तो परसात वारा काढतो. नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात ते छत काळं पडलंच असतं.

सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली अशा सखल भागात राहत असाल तर चेंबरकडं जाणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवाच. माझी नणंद शाहूपुरीत असते. 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी तिच्या उंबऱ्याला लागायच्या आधी मोरीतनं वर आलं होतं.

आणि नवी जागा काही दिवस वापरात नसली तर ट्रॅपमधलं पाणी वाळतं, मग गटाराचा वास आणि झुरळं वर येतात. दिवाळीला माहेरी गडहिंग्लजला निघताना मी कुलूप लावायच्या आधी दोन्हीकडं जाळीत एकेक तांब्या पाणी ओतते.